मुखवटे मी कधी दिले?

प्रिय इरा आणि मिहीर,

तुमच्या बाबांनी तुम्हाला काय सांगितलं होतं ते मला कळलं, कारण त्यानंतरच्या रविवारी तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर माझ्याशी हळूहळू आणि मोठ्याने बोलायला लागलात. इराने तर "आजी, मी इरा" अशी सुरुवात केली. तेव्हा त्याची गरज होती. आता नाही.

झालं ते नीट लिहून ठेवते आहे. तुम्हाला खरं काय ते कळावं हे एक कारण. दुसरं असं, की उद्या तुमच्या एखाद्या मैत्रिणीची आजी अचानक घोटाळे करायला लागली, तर "वय झालं" म्हणून सोडून देण्याआधी तिला कुणीतरी विचारावं, गोळ्या कुठल्या चालू आहेत?

आधीच सांगते, यात मी फार चांगली बाई दिसणार नाही. आजारपणात माणसाला देव आठवतो म्हणतात. मी आजारपणभर मोठ्या आजीवर जळत होते.

मोठी आजी

देवळाली कॅम्पची मोठी आजी म्हणजे माझी मोठी जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. वय ऐंशीच्या घरात, शिक्षण सातवी, माहेर लासलगावचं. वडील कांद्याचे व्यापारी. कुठल्या साली कांदा काय भावाने गेला आणि त्या वर्षी घरात कुणाचं लग्न झालं, हे त्या एका दमात सांगतात. तुमच्या बाबांच्या बारशाला कुणी कुठल्या रंगाचं झबलं आणलं होतं, तेही.

मी शिकले इंग्रजी शाळेत. सातपूरच्या एका कारखान्यात मॅनेजरची स्टेनो होते. साहेबांनी फाइल मागायच्या आत ती टेबलावर असायची. घरातही तसंच. माझ्याकडे मेथीदाणे अंधारात सापडतात.

याच कारणाने गौरी माझ्याकडे आल्या. रिवाजाप्रमाणे त्या मोठ्या सुनेकडे जायच्या. पण वहिनी तेव्हा कॅम्पात दोन खोल्यांत राहायच्या आणि सासूबाई आमच्याजवळ. "विजूचं सगळं जागच्या जागी असतं," असं म्हणून त्यांनी दोन्ही पितळी मुखवटे, ज्येष्ठेचा आणि कनिष्ठेचा, माझ्या हातात ठेवले. तेव्हापासून ते माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या धोतराच्या मऊ कापडात बांधलेले. दर भाद्रपदात वहिनी माझ्या घरी यायच्या, पुरण वाटायच्या. गौरींना साडी मी नेसवायचे.

दोन गोळ्या

मागच्या थंडीत मला लघवीला सारखं जावं लागायला लागलं, आणि वेळेवर पोचेन याची खात्री राहिली नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. एकटीच एका डॉक्टरांकडे गेले, गोळी घेऊन आले आणि ती शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आजोबा त्या ड्रॉवरला हात लावत नाहीत. माझा वारांच्या कप्प्यांचा गोळ्यांचा डबा तुम्ही पाहिला आहे. रक्तदाबाची, थायरॉईडची, कॅल्शियमची, सगळ्या जागेवर. ही तेवढी डब्यात नव्हती. डबा जेवणाच्या टेबलावर असतो, आणि तुमच्या आजोबांनी "ही कशाची?" असं विचारलं असतं.

मग मे महिन्यात अंगाला खाज सुटली. वहिनी आल्या होत्या. मी दंड खाजवताना त्यांनी पाहिलं.

"अगं, माझी गोळी घेऊन बघ. मला लय गुण आला. झोपही बरी लागते."

पर्समधून पाकीट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. आपल्याकडे बायका लोणच्याची फोड द्यावी तशी गोळी देतात आणि घेणारीही तशीच घेते. पाकिटावरचं बारीक इंग्रजी वाचता येणारी त्या खोलीत मी एकटी. वाचलं नाही. वहिनींना जे लागू पडतं ते मला का पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

खाज थांबली. झोपही लागली. मग मी मेडिकलमधून तीच गोळी आणून घ्यायला लागले, रोज.

चाळणी

आधी तोंडाला कोरड पडायला लागली. मग शब्द जायला लागले. एकदा कणीक चाळायला बसले आणि चाळणी हा शब्दच सापडेना. "अहो, ते द्या ना... ते भोकांचं," म्हणाले. आजोबा हसले. मीही हसले. दुसऱ्या वेळी ते हसले नाहीत.

वरणात दोनदा मीठ पडलं. वाळलेले कपडे मी परत भिजवून वाळत घातले. इराला एकाच फोनवर तीनदा विचारलं, परीक्षा कशी झाली. तिने तिन्ही वेळा तितक्याच प्रेमाने उत्तर दिलं, हे मला नंतर कळलं. तिसऱ्यांदा ती जराशी वैतागली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी डोकं बरं असायचं. दुपारनंतर आत कापूस भरल्यासारखं व्हायचं. घरात मी आहे हे कळायचं, पण कशासाठी या खोलीत आले ते कळायचं नाही. आजोबा काही न बोलता गॅसचं बटण बघून यायचे. बाल्कनीत जाऊन तुमच्या बाबांशी हळू आवाजात बोलायचे. आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की घरातल्या गोष्टी ते कॅम्पला फोन करून विचारायला लागले.

"वहिनी, गव्हाला एरंडेल किती चोळायचं हो?"

तिकडून फाडफाड उत्तर. फोन स्पीकरवर. मी तिथेच खुर्चीवर बसलेली. माझ्या घरातला गहू, माझं एरंडेल, आणि अक्कल कॅम्पातली. देवाने त्यांना ऐंशीव्या वर्षी असं डोकं ठेवावं आणि माझं काढून घ्यावं, याचा मला इतका राग यायचा की डोळ्यांत पाणी यायचं. आजोबांना वाटायचं मी घाबरून रडते आहे. घाबरलेलीही होतेच.

रिकामा कप्पा

एका सकाळी मी कपाट आवरायला काढलं. वरच्या कप्प्यात मुखवटे नव्हते. सगळ्या साड्या बाहेर काढल्या, कप्प्यातला कागदसुद्धा उचलून पाहिला.

"अहो, मुखवटे कुठे गेले?"

आजोबा दारात येऊन उभे राहिले. "अगं, तू वहिनींना दिलेस ना."

"मी?"

"मागच्या आठवड्यात त्या आल्या होत्या तेव्हा. मी इथेच होतो."

माझा विश्वास बसला नाही. आजही त्या दुपारचं मला काही आठवत नाही. कापूससुद्धा नाही, नुसतं रिकामं. मी सरळ फोन उचलला.

"वहिनी, इतकी वर्षं वाट बघितलीत. आता माझं डोकं जागेवर नाही असं बघून नेलेत होय?"

तिकडून, "विजू, तू जेवलीस का?"

"विषय बदलू नका."

"बरं, नाय बदलत. माझ्याकडं हायेत. नीट हायेत. तू आधी जेव."

त्यांनी "तूच दिलेस" असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्या तसं म्हणाल्याच नाहीत. चोरी कबूल केली, असं मी धरून चालले.

द्वारका

आजोबा दुपारी आडवे झाले तशी मी पर्स घेऊन निघाले. मुखवटे परत आणायचे होते. रिक्षाने द्वारका चौकापर्यंत आले आणि उतरले. तिथून कॅम्पला कसं जायचं हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. पण त्या दिवशी उतरले आणि चारही रस्ते सारखे दिसायला लागले. ट्रक, बस, हॉर्न. कुठे जायचं होतं तेही गेलं. हातातली पर्स माझीच का, असा प्रश्न पडला.

फुलं विकणाऱ्या एका बाईने मला तिच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पर्समधला फोन मागितला आणि शेवटचा नंबर लावला. शेवटचा नंबर कुणाचा होता ते तुम्ही ओळखलं असेल.

वहिनी रिक्षाने आल्या. एकट्या. गुडघ्याला पट्टा बांधलेला, केस विंचरायचे राहिलेले. त्यांना बघून मी म्हणाले म्हणे, "आई, तू आलीस?" हे मला त्यांनी नाही, फुलवालीने सांगितलं. नंतर तिचे आभार मानायला गेले होते तेव्हा.

वॉर्ड

रुग्णालयात ठेवून घेतलं. रक्त, लघवी, डोक्याचा स्कॅन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मृदू बोलायच्या. त्यांनी आजोबांना बाजूला घेतलं आणि मी "स्मृतिभ्रंश" एवढा एकच शब्द ऐकला. मला वाटलं, आता कपाटातून काढावं तसं हळूहळू माझ्यातून एकेक काढत नेतील. आधी गौरी, मग स्वयंपाक, मग तुमची नावं.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती, पाय मोडलेली. प्लास्टरवर तिच्या नातवंडांनी फुलं काढली होती. येईल तो पाय बघायचा, हळहळायचा, सफरचंद ठेवून जायचा. मला तिचाही हेवा वाटायचा. तिचं मोडलेलं सगळ्यांना दिसत होतं. माझ्याकडे येणारे आधी माझ्या डोळ्यांत बघायचे, मी आत आहे की नाही ते.

आजोबा सकाळी घरी जाऊन डबा आणायचे, तेवढा वेळ वहिनी माझ्याजवळ बसायच्या. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझी परीक्षा घेतली.

"आजी, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. आंबा, खुर्ची, रुपया. थोड्या वेळाने विचारीन. आज वार कुठला?"

मी वार चुकीचा सांगितला.

"गुरुवार गं," वहिनी म्हणाल्या. "चतुर्थी नाय का आज? मी उपाशी हाय."

"आजी, तुम्ही नका सांगू," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात वजा करायला लावले. शेवटी विचारलं, "आता ते तीन शब्द?"

"आंबा," मी म्हणाले. पुढे काहीच नव्हतं.

वहिनींनी ओठ दाबून धरले होते, पण त्यांच्या तोंडात ते शब्द आहेत हे मला दिसत होतं, लाडू भरल्यासारखे. अखेर राहवलं नाही. "खुर्ची, रुपया!"

डॉक्टरीणबाई मान खाली घालून लिहीत राहिल्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

"चुकलं माझं, विजू," वहिनी मागून म्हणाल्या. "शाळेत मला कधी कुणी इचारलंच नाय. तोंडातून निघून गेलं."



तिसरी सकाळ

तिसऱ्या सकाळी मी उठले आणि शेजारच्या बाईला म्हणाले, "तुमची ती चाळणीसारखी जाळीची पिशवी खाली पडली आहे." मग माझं मलाच ऐकू आलं. चाळणी!

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा प्रश्न विचारले. वार बरोबर आला, दोन शब्द आले. त्यांनी पेन ठेवलं. "रिपोर्टांत मोठं काही नाही. आणि इथे आल्यावर तुम्ही सुधारताय. घरी घेत होतात आणि इथे घेत नाही, असं काही आहे का? कुठलीही गोळी, काढा, चूर्ण?"

आजोबांनी वारांचा डबा पुढे केला. "सगळं यात आहे. ही फार व्यवस्थित आहे."

मी गप्प बसले. शिवणयंत्राचा ड्रॉवर डोळ्यांपुढे होता. नवऱ्यासमोर, जावेसमोर, पाय मोडलेल्या बाईसमोर कसं सांगायचं?

"मी दिली होती एक," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. "खाजेची. माझ्यामुळं झालं का हो हे?"

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्यांची एक चूक हाती लागली नव्हती, त्यांची ही एवढी मोठी! पण आनंद टिकला नाही. त्या घाबरून पांढऱ्या पडल्या होत्या, तरी बोलल्या होत्या. आणि मी अजून गप्प होते. तिथेही त्या पुढे गेल्या, हे मला सहन होईना. म्हणून मी बोलले. दुसरं कुठलंही चांगलं कारण नव्हतं.

"लघवीची एक आहे. थंडीपासून. मशीनच्या ड्रॉवरमध्ये."

आजोबा माझ्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं असतं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दोन्ही गोळ्या डोक्यावर एकाच तऱ्हेचा परिणाम करू शकतात, वय झाल्यावर जास्त, आणि दोन्ही एकत्र म्हणजे आणखी. "याच्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. बंद ठेवून बघू. पण यापुढे आपल्या मनाने गोळी सुरू करायची नाही, आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या. लाजेच्यासुद्धा."

या लिहिण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

बरं होणं

एका दिवसात नाही झालं. काही दिवस पुढे, काही मागे. त्या मधल्या आठवड्यांत मी रोज स्वतःची परीक्षा घ्यायचे, आणि नापास झाले तर कुणाला सांगायचे नाही. लघवीच्या डॉक्टरांनी दुसरा उपाय दिला, काही व्यायाम दिले. आजोबा आता "जाऊन ये आधी" असं चारचौघांत म्हणतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण चालतं.

वहिनींनीही त्यांच्या डॉक्टरांना विचारून ती गोळी बदलली. आणि ऐका, इतके महिने तीच गोळी घेऊन त्यांना काहीही झालं नव्हतं. एक तिथी चुकली नाही. हे कळलं तेव्हा मी इतकी जळले, की आजोबा म्हणाले, "आता तू अगदी पहिल्यासारखी झालीस."

ते खरंच होतं. मधल्या दिवसांत कुणाचा कशाबद्दल राग होता तेही मी विसरत होते. आता सगळं एकेक करून जागेवर आलं.

आणि मुखवटे आठवले.

पिशवी

श्रावण संपत आला तशी मी कापडी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि कॅम्पला गेले. या वेळी रस्ता चुकले नाही. वहिनींनी चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोलत होते.

"पिशवी आणलीस ना?" त्या म्हणाल्या. "दिसली मला. थांब."

त्यांनी देवघराखालच्या कपाटातून धोतराचं गाठोडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी गाठ बघितली. ती माझी गाठ होती. कारखान्यात फायलींच्या नाडीला मारायचे तशी, दोनदा पीळ देऊन टोकं आत खोचलेली. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नाही. आणि ती सोडलेली नव्हती.

"उघडलं नाहीत?"

"तू बरी होईस्तोवर कशाला उघडायचं? राखायला ठेवले होते."

"मी खरंच दिले? काय म्हणाले मी?"

वहिनी खाली बसल्या. "सांगू नये असं वाटत होतं. तू कपाट उघडलंस, गाठोडं बांधलंस. म्हणालीस, वहिनी, मोठीच्या घरी कधी बसल्याच नाहीत या. घेऊन जा. मी म्हटलं, राहू दे गं. तर रडायला लागलीस. म्हणालीस, सासूबाई गेल्या तेव्हापासून द्यायच्या होत्या, पण जीव होत नव्हता."

मुलांनो, मला त्या कधीही द्यायच्या नव्हत्या. निदान मला तसं आठवत नाही. ते माझ्या मनातलं होतं की गोळीतलं, हे डॉक्टरीणबाईंना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"तुम्हाला वाटायचं का कधी?" मी विचारलं. "आपल्याकडे असाव्यात असं?"

"कधी?" वहिनी हसल्या. "पुरण वाटायचं मी आणि साडी नेसवायची तू. आल्यागेल्यानं म्हणायचं, विजूच्या गौरी बघण्यासारख्या असतात. लय जळायचे. वाटायचं, एकदा तरी त्या निऱ्यांना माझा हात लागावा. ने तू. खरंच ने. डोकं ठिकाणावर नसताना दिलेलं दान नसतं."

मी गाठोडं उचललं. जड असतात ते. थोडा वेळ तसंच धरून बसले. मग त्यांच्या कपाटात परत ठेवलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या दुपारी माझ्या कपाटापुढे जी बाई उभी होती, वार न कळणारी, चाळणीला भोकांचं म्हणणारी, तिने जे केलं ते मला शुद्धीत कधी जमलं नसतं. आजवर मी वहिनींचा हेवा केला. त्या दिवशी मला त्या बाईचा वाटला. तिच्याहून मी कमी पडावं, हे मला बघवेना.

परत येताना वहिनींनी माझ्या पिशवीत वेलावरची घोसाळी भरून दिली.

पण गौरींची नथ, पाटल्या आणि मंगळसूत्र माझ्याकडेच होतं. ते मी दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. सकाळची वेळ, डोकं स्वच्छ. नथ देताना माझा हात आखडला. वहिनींनी पाहिलं.

"दे की आता," त्या म्हणाल्या.

दिली.

परवा गौरी कॅम्पात बसल्या. तुम्ही फोटो पाहिलेत आणि इराने "किती छान!" असं लिहिलं. साडी वहिनींनी नेसवली. खुर्चीवर चढून, गुडघ्याला पट्टा बांधून, दोन तास. कनिष्ठेच्या निऱ्या डावीकडे वाकड्या आल्या आहेत, फोटो मोठा करून बघा. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. बोलले नाही.

विसरणारही नाही.

तुमची,
आजी